काम आपले, तोंड दुसऱ्याचे

स्मरणिकेत आठवणी लिहाव्यात, गुरुजनांचे ऋण व्यक्त करावे आणि संस्थेला शुभेच्छा द्याव्यात, असा प्रघात आहे. आठवणी आमच्याकडेही पुष्कळ आहेत. पहाटेच्या वंदनेनंतर न्हाणीघरापुढे बादल्या घेऊन लागणारी रांग, रविवारची धुणी, परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहाच्या व्हरांड्यात एका दिव्याखाली दाटीवाटीने बसून केलेला अभ्यास, हे सारे आम्ही विसरलेलो नाही. परंतु या अंकासाठी लेख मागताना संपादक मंडळाने, ‘मुलांच्या उपयोगी पडेल असे काही लिहा,’ असे आवर्जून कळविले. ती सूचना आम्ही आज्ञेसारखी मानली आहे.

आम्ही म्हणजे या वसतिगृहात निरनिराळ्या वर्षी राहून गेलेले आणि आज पुणे, नाशिक, मुंबई येथील कारखान्यांत, बँकांत व संगणकाच्या कचेऱ्यांत नोकरी करणारे सात-आठ जण. आमची शाखा वेगळी, पगार वेगळा, स्वभाव तर फारच वेगळे. मात्र गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यानंतर चहा घेत बसलो असताना असे लक्षात आले की आम्हा प्रत्येकाकडे एकच गोष्ट आहे. ती थोड्याफार फरकाने सर्वांच्या आयुष्यात घडून गेली होती.

त्यांतील एक येथे सांगतो. आमच्यातील एक भगिनी चाकणच्या परिसरातील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करीत होती. वाहनांत बसणारा एक रबरी भाग तेथे तयार होई, आणि तपासणीत शंभरांतील सहा भाग बाद होत. तिने तीन महिने रात्रपाळीत उभे राहून नोंदी ठेवल्या. भट्टीतील उष्णता मोजणारा काटा चुकीच्या जागी बसविला आहे, त्यामुळे एका कोपऱ्यातील माल कच्चा राहतो, हे तिने शोधून काढले. काट्याची जागा बदलली आणि बाद होणारे भाग सहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आले. काही दिवसांनी परदेशी ग्राहकाची माणसे आली. त्यांच्यापुढे हे काम मांडायचे होते. वरिष्ठांनी तिला सांगितले, ‘तू लॅपटॉपपाशी बस आणि स्लाइड पुढे सरकव, बोलण्याचे काम तो करील.’ तो म्हणजे तिचाच एक सहकारी. माणूस वाईट नव्हता, इंग्रजी मात्र त्याचे वाहते होते.

तो बोलला, छान बोलला, आणि एका ठिकाणी चुकला. ‘टू’ म्हणायचे तेथे ‘बाय’ म्हणाला. ‘रिजेक्शन केम डाउन बाय टू पर्सेंट.’ पाहुण्यांनी हिशेब केला, सहातून दोन गेले, उरले चार. त्यांनी विचारले, ‘सो इट इज स्टिल फोर पर्सेंट?’ आणि आमच्या सहकाऱ्याने, प्रश्न नीट न कळल्यामुळे, हसून मान डोलावली. अर्धे काम एका शब्दात पुसले गेले. आमची भगिनी हे सारे ऐकत होती. चूक तिला त्याच क्षणी कळली होती. तिला एकच वाक्य हवे होते: ‘एक्स्क्यूज मी, मे आय करेक्ट दॅट?’ ते तिच्या ओठांवर आले नाही. वर्षअखेरीस कौतुकाचे पत्र कोणाला मिळाले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या भगिनीला इंग्रजी येत नव्हते असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. ती यंत्रांच्या इंग्रजी पुस्तिका वाचते, रोज दहा-वीस ईमेल लिहिते, बारावीला तिला इंग्रजीत उत्तम गुण होते. तिच्याजवळ शब्द होते, व्याकरणही होते. उभे राहून चार अनोळखी माणसांपुढे आपले काम सांगताना लागणारी वीस-पंचवीस ठरीव वाक्ये मात्र तिला कोणी कधी दिली नव्हती. ती आम्हालाही कोणी दिली नाहीत. आमच्यापैकी ज्यांना पुढे मिळाली, त्यांना ती अपमान गिळून, दुसऱ्यांचे ऐकून ऐकून मिळाली.

मेळाव्यात या विषयावर दोन सूचना आल्या होत्या. एक, शाळा इंग्रजी माध्यमाची करावी. दुसरी, देणग्या जमवून भाषा-प्रयोगशाळा उभारावी, कानाला यंत्र लावून मुलांनी इंग्रजांसारखे उच्चार शिकावेत. सूचना करणाऱ्यांची कळकळ आम्ही जाणतो. तरीही दोन्ही सूचनांशी आम्ही असहमत आहोत, आणि असहमतीची कारणे स्पष्ट मांडणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या मुलांकडे काय आहे ते पाहावे. 14 एप्रिलला आपल्या शाळेत पाचवी-सहावीतील मूल हातात कागद न घेता दहा-दहा मिनिटे बोलते. आई-वडील, पाहुणे, गावकरी समोर बसलेले असतात. ध्वनिक्षेपक मध्येच किंचाळतो. तरी मूल डगमगत नाही. हे धैर्य कोठून येते? एक कारण असे की भाषणाचा साचा त्याला ठाऊक असतो. ‘व्यासपीठावर उपस्थित मान्यवर’ येथून सुरुवात, मग जन्म, शिक्षण, संघर्ष, आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते, जयभीम’ येथे शेवट. साचा आहे म्हणून पाय थरथरत नाहीत. पुढचे वाक्य कोणते हे माहीत असते, म्हणून मन आशयाकडे लागू शकते. हेच मूल पंधरा वर्षांनी कंपनीच्या बैठकीत मुके होते, कारण तेथला साचा त्याने पाहिलेला नसतो.

तो साचा अवघड नाही. उभे राहिल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकणाऱ्याला चार गोष्टी कळाल्या पाहिजेत: आपण कोण, कशाबद्दल बोलणार, किती वेळ घेणार, आणि प्रश्न केव्हा विचारायचे. ‘गुड मॉर्निंग, एव्हरीवन. आय वर्क इन द क्वालिटी डिपार्टमेंट. टुडे आय विल शो यू हाउ वुई रिड्यूस्ड रिजेक्शन. आय विल टेक टेन मिनिट्स. प्लीज आस्क क्वेश्चन्स अ‍ॅट द एंड.’ पाच वाक्ये. यांत एकही अवघड शब्द नाही. ही पाच वाक्ये झोपेतून उठविले तरी म्हणता आली पाहिजेत, कारण पहिल्या अर्ध्या मिनिटातच आवाज कापतो, आणि कापणाऱ्या आवाजाला पाठांतराचाच आधार असतो.

येथे आपल्या वळणाची एक अडचण आहे. मराठी भाषणात विनय आधी येतो. ‘मी काही मोठा वक्ता नाही, चुकले-माकले तर सांभाळून घ्या’ हे म्हणणे आपल्याकडे शोभते. श्रोत्यांना ते आवडते आणि त्यामुळे ते आपलेसे होतात. तेच वाक्य इंग्रजीत नेले की, ‘सॉरी, माय इंग्लिश इज नॉट गुड’ असे होते, आणि समोरचा पाहुणा ते अक्षरशः घेतो. आता तो मुद्दे ऐकत नाही, चुका ऐकतो. आम्ही स्वतः हे वाक्य अनेक वर्षे म्हटले आहे. ते टाकून द्यावे.

दुसरी अडचण वाक्याच्या रचनेतच आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, आणि आपले बोलणेही तसेच चालते. आधी परिस्थिती, मग कारणे, मग आलेल्या अडचणी आणि सर्वांत शेवटी काय घडले ते. कथाकाराला हा क्रम उत्तम. व्यवसायातील इंग्रजी मांडणीत मात्र निष्कर्ष आधी सांगतात: ‘रिजेक्शन हॅज कम डाउन फ्रॉम सिक्स पर्सेंट टू टू पर्सेंट. लेट मी एक्सप्लेन हाउ.’ मग हवे तेवढे विस्तारावे. साहेबाला दुसऱ्याच मिनिटाला दूरध्वनी आला तरी मुख्य गोष्ट त्याच्या कानावर पडलेली असते. रात्रपाळीच्या कष्टांपासून सुरुवात केली तर भट्टीच्या काट्यापर्यंत पोचण्याआधीच त्याचे लक्ष उडालेले असते.

नंतरची वाक्ये म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या. एक मुद्दा संपला, दुसरा सुरू झाला, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागते, कारण त्याच्या हातात पान नसते, मागे वळून वाचता येत नाही. ‘सो, दॅट वॉज द प्रॉब्लेम. नाऊ, लेट मी टर्न टू द कॉज.’ ‘देअर आर थ्री रीझन्स. फर्स्ट…’ ‘लेट मी गिव्ह यू अ‍ॅन एक्झाम्पल.’ आणि शेवटी, ‘टू सम अप.’ या पाट्या लावताना बोलणाऱ्यालाही श्वास घ्यायला जागा मिळते. तीन कारणे सांगतो म्हटले की तीनच सांगावीत. आमच्यातील एकाने तीन म्हणून पाच सांगितली आणि पाहुणे वहीत आकडे खोडत बसले.

आकड्यांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण नुकसान बहुतेक वेळा येथेच होते. ‘बाय’ म्हणजे जितका फरक पडला तितका. ‘टू’ म्हणजे जेथे पोचलो तो आकडा. ‘फ्रॉम’ म्हणजे निघालो तो आकडा. सहावरून दोनवर येणे म्हणजे ‘फ्रॉम सिक्स टू टू’, अथवा ‘बाय फोर पर्सेंटेज पॉइंट्स’. येथे ‘फोर पर्सेंट’ म्हटले तर तेही अचूक नाही, कारण सहाचे दोन होणे ही मुळाच्या मानाने दोन-तृतीयांश घट आहे. शिवाय ‘टू टू पर्सेंट’ हे कानाला विचित्रच लागते, बोबडे बोलल्यासारखे. अशा वेळी दोन शब्दांमध्ये क्षणभर थांबावे आणि आलेखावर बोट ठेवावे. बोट कधी चुकत नाही.

आलेख दाखवितानाही आधी तो कशाचा आहे ते सांगावे, मग त्यातून काय दिसते ते. ‘धिस चार्ट शोज मंथली रिजेक्शन. द मंथ्स आर अ‍ॅट द बॉटम.’ नंतर ‘अ‍ॅज यू कॅन सी, इट वॉज स्टेडी टिल जून, अँड देन इट फेल शार्पली.’ हळूहळू वाढले तर ‘रोज स्टेडिली’, किंचित वाढले तर ‘रोज स्लाइटली’, एकदम कोसळले तर ‘फेल शार्पली’, तेथेच राहिले तर ‘रिमेन्ड स्टेबल’. या चार-पाच जोड्यांत कारखान्यातले बहुतेक आलेख सांगून होतात.

लाख आणि कोटी आपल्या सीमेपलीकडच्या पुष्कळांना कळत नाहीत. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, हे रूपांतर स्लाइडवर आधीच करून ठेवावे; बोलता बोलता करायला गेलो की एक शून्य हमखास गळते. आपले आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, बाहेरच्या अनेक कंपन्यांचे जानेवारीत. म्हणून ‘फर्स्ट क्वार्टर’ म्हणून थांबू नये, महिन्यांची नावे घ्यावीत. तारखेचेही तसेच. आपण 4/6 लिहितो तेव्हा तो 4 जून असतो, अमेरिकन माणूस त्याला 6 एप्रिल समजतो. आणि ‘फिफ्टीन’ व ‘फिफ्टी’ यांनी तर आमच्या एका मित्राला पंधराऐवजी पन्नास नग पाठवायला लावले. ‘फिफ्टीन’मध्ये शेवटच्या ‘टीन’वर जोर द्यावा, आणि त्यानंतर ‘वन-फाइव्ह’ असे सुटे अंकही सांगावेत. विमानतळापासून कारखान्यापर्यंत सगळीकडे असे सुटे अंक सांगतात, त्यात कमीपणा नाही.

आता उच्चारांविषयी. भाषा-प्रयोगशाळेला आमचा विरोध याच मुद्द्यावर आहे. चाकण-तळेगावच्या पट्ट्यात येणारे परदेशी पाहुणे अनेकदा जर्मन, जपानी किंवा कोरियन असतात. इंग्रजी ही त्यांचीही मातृभाषा नाही. लंडनचा हेल काढून बोललेले त्यांना अधिक कळेल असे नाही. उलट साधे, संथ, सुटे शब्द टाकत बोललेले कळते. इंग्रजी सिनेमातले वाक्प्रचार तर अशा वेळी नकोतच. ‘लो-हँगिंग फ्रूट’ म्हटले की जपानी पाहुणा फळ शोधू लागतो. ‘ईझी फर्स्ट स्टेप’ म्हणावे. मराठी माणसाचा हेल मराठीच राहणार, आणि तो राहावा. आमच्यातील ज्यांनी तो घासून पुसून टाकण्याचा प्रयत्न केला त्यांचे बोलणे आता ना घरात शोभते ना दारात.

मात्र काही सवयी अर्थच बदलतात, त्या सोडाव्यात. ‘मायसेल्फ अमुक’ अशी ओळख करून देऊ नये. ‘आय अ‍ॅम’ किंवा ‘माय नेम इज’ पुरे. ‘डिस्कस अबाउट’ हे आपल्या ‘विषयी चर्चा’चे भाषांतर आहे, इंग्रजीत नुसते ‘डिस्कस’. आपल्या ‘च’ची सोय म्हणून आपण वाक्याच्या शेवटी ‘ओन्ली’ जोडतो, ‘टुडे ओन्ली’, ‘हिअर ओन्ली’. घरच्या बैठकीत चालते, पाहुण्यांना बुचकळ्यात पाडते. आणि आम्हा माजी विद्यार्थ्यांचे आवडते वाक्य, ‘आय पास्ड आउट फ्रॉम धिस स्कूल.’ परदेशी कानाला त्याचा अर्थ ‘मी या शाळेत बेशुद्ध पडलो’ असाही लागू शकतो. ‘आय स्टडीड अ‍ॅट धिस स्कूल’ म्हणावे. मेळाव्याच्या फलकावर हे वाक्य यंदाही होते, म्हणून मुद्दाम लिहिले. संयोजकांनी रागावू नये.

स्लाइडविषयी एकच गोष्ट सांगतो, पण ती गंभीर आहे. 16 जानेवारी 2003 रोजी कोलंबिया हे अवकाशयान उडाले तेव्हा बाहेरच्या टाकीवरील फेसाचा एक तुकडा निसटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अभ्यास केला आणि तो पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर नासाच्या अधिकाऱ्यांपुढे मांडला. त्यातील एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. आदळलेला तुकडा प्रयोगात वापरलेल्या तुकड्यांपेक्षा कितीतरी पट मोठा होता; एकीकडे 1920 घनइंच, दुसरीकडे 3 घनइंच. ही बाब स्लाइडच्या तळाशी, बारीक अक्षरांत होती. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने नंतर दाखवून दिले की ‘सिग्निफिकंट’ आणि त्यापासून झालेला शब्द त्या एकाच स्लाइडवर पाच वेळा आला होता आणि किती म्हणजे ‘सिग्निफिकंट’ हे कोठेच कळत नव्हते. 1 फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटले. सात अंतराळवीर गेले. त्यांत कर्नालची कल्पना चावला होती. अपघाताची कारणे अनेक होती, केवळ एका स्लाइडला दोष देणे योग्य नव्हे. परंतु चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या मांडणीची दखल घेतली. ती स्लाइड ज्यांनी लिहिली त्यांचे रोजचे काम इंग्रजीतच चाले. अस्सल इंग्रजी असणे आणि स्पष्ट सांगता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून आम्हाला पटले. महत्त्वाचा आकडा वर, मोठ्या अक्षरांत, आणि ‘बराच’, ‘लक्षणीय’ यांच्या जागी संख्या, एवढे पाळले तरी आपली मुले मोठ्यामोठ्यांच्या पुढे जातील.

याच संदर्भात बाबासाहेबांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्यांच्या इंग्रजीचा उल्लेख आपल्या सभांत विद्वत्तेचा चमत्कार म्हणून होतो. आम्हाला त्यातील शिस्त मुलांना दाखवावीशी वाटते. 9 मे 1916 रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. समोर परके प्राध्यापक आणि विद्यार्थी होते, विषय त्यांना अपरिचित होता. त्यांनी आधीच्या चार अभ्यासकांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या आणि अखेरीस आपले म्हणणे चार मुद्द्यांत बांधून दिले. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील अखेरच्या मोठ्या भाषणाची सुरुवात तर त्यांनी आकड्यांनीच केली: सभा प्रथम भरल्यापासून दोन वर्षे, अकरा महिने आणि सतरा दिवस झाले, अधिवेशने अकरा, मसुद्यावरील चर्चेला 114 दिवस, सुमारे 7635 दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, त्यांतील 2473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. सभेने फार वेळ घेतला असा आक्षेप होता. त्याचे उत्तर अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांना किती काळ लागला ते सांगून दिले. आक्षेप, आकडे, तुलना, उत्तर. हे भाषण आपल्या ग्रंथालयात आहे. ते भक्तिभावाने वाचले जाते. मांडणीचा पाठ म्हणूनही ते वर्गात घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

सर्वांत कठीण भाग प्रश्नांचा. मांडणी घोकता येते, प्रश्न घोकता येत नाहीत. आणि येथे आपले संस्कार आड येतात. वडीलधाऱ्या माणसाला ‘पुन्हा सांगा’ म्हणणे आपल्याला उद्धटपणा वाटतो, म्हणून न कळताही आपण मान डोलावतो. आमच्या गोष्टीतल्या सहकाऱ्याने नेमके हेच केले. तो आपल्या समाजातला नव्हता, तरी संस्कार तोच. इंग्रजी बैठकीत पुन्हा विचारणे हा समोरच्याच्या प्रश्नाचा मान असतो. ‘सॉरी, आय डिड नॉट कॅच दॅट. कुड यू से इट अगेन, प्लीज?’ अर्धे कळले असेल तर, ‘डू यू मीन द रिजेक्शन आफ्टर द चेंज?’ उत्तर ठाऊक नसेल तर बनवाबनवी न करता, ‘आय डू नॉट हॅव दॅट फिगर नाऊ. आय विल सेंड इट टू यू बाय फ्रायडे.’ आणि शुक्रवारी खरोखर पाठवावे. दुसऱ्याने आपल्या कामाविषयी चुकीचे सांगितले तर, ‘मे आय अ‍ॅड समथिंग हिअर?’ अथवा ‘मे आय करेक्ट दॅट?’ ही शेवटची दोन वाक्ये मुलींनी तर रोज आरशापुढे म्हणावीत, असे आमच्या त्या भगिनीचे म्हणणे आहे.

आमच्यातच एक मतभेद आहे, तो लपवीत नाही. आमच्यातील एकाचे मत असे की ही सारी सक्तीच अन्यायाची आहे. पुण्याच्या कारखान्यात मराठी मुलीने मराठी साहेबांपुढे इंग्रजीत का बोलावे? प्रश्न योग्य आहे. जेथे ऐकणारे सारे मराठी असतील तेथे मराठीतच बोलावे, आणि ते ठामपणे सुचवावे. बचत गटाचा कर्जप्रस्ताव, ग्रामसभा, शाखेतील बैठक येथे इंग्रजीचा हट्ट धरणे हास्यास्पद आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची करण्यास आमचा विरोधही यातूनच आला आहे. भट्टीचा काटा का चुकला हे जिला मराठीत नीट समजावता येते, तिला ते इंग्रजीत सांगायला वीस वाक्ये पुरतात. मराठीतच जे धूसर असते ते इंग्रजीत स्वच्छ होत नाही. पालकांनी याची परीक्षा घरी घ्यावी. मुलाला तीन महिन्यांच्या स्पोकन इंग्लिशच्या वर्गाला पाठविण्याआधी, त्याने आज काय शिकले ते त्याला आजीला समजेल असे मराठीत सांगायला लावावे. आजी मध्येच उठून गेली तर इंग्रजीच्या वर्गाचे पैसे वाचवावेत.

मग आमचे मागणे काय? आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक तास. त्यात एका वेळी सहा मुलांनी उभे राहावे, प्रत्येकाला सहा मिनिटे. पहिल्या महिन्यात मराठीत, नंतर तोच विषय इंग्रजीत. विषय पुस्तकातले नकोत, वसतिगृहातले असावेत: भोजनालयाचा महिन्याचा खर्च कोठे वाढला, पाण्याची टाकी किती तासांत रिकामी होते, ग्रंथालयातील कोणती पुस्तके वर्षभर कोणी नेली नाहीत. म्हणजे आकडे मुलांनी स्वतः मोजलेले असतील, आणि स्वतः मोजलेल्या आकड्याविषयी बोलताना माणूस सहसा घाबरत नाही. उरलेल्या मुलांनी ऐकावे आणि प्रत्येकाने एक प्रश्न विचारावा. उत्तर देणाऱ्याला किमान एकदा तरी ‘कुड यू से इट अगेन, प्लीज?’ म्हणणे सक्तीचे. हसणाऱ्या मुलाला पुढचा क्रमांक द्यावा. व्याकरणाच्या चुका गुरुजींनी मध्येच थांबवून काढू नयेत, मागाहून एक-दोन सांगाव्यात. यासाठी लाखोंची देणगी लागत नाही. फळा आहे, खडू आहे. भिंतीवरचे घड्याळ मात्र गेली काही वर्षे बंद आहे, ते आम्ही दुरुस्त करून देऊ.

आमच्यापैकी चौघांनी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पाळीपाळीने येण्याचे कबूल केले आहे. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले असून त्यांची संमती आहे. वेळापत्रकात तास कोठे बसवायचा एवढेच ठरावयाचे आहे. पहिल्या शनिवारी चाकणची ती भगिनी येणार आहे. मुलांनी त्या दिवसासाठी विषयही निवडून ठेवला आहे: पहाटे न्हाणीघरापुढची रांग किती मिनिटे चालते, आणि दोन नळ वाढविले तर ती कितीवरून किती होईल. मोजणीसाठी एक मुलगी पहाटे साडेचारपासून वही घेऊन उभी राहते, असे आम्हाला कळले आहे.